कपाट विकले; जबाबदारी कोणाची?

ठाण्याहून कशेळीची खाडी ओलांडून भिवंडीकडे निघालेल्या प्रवाशाला वाटेत काल्हेर, पूर्णा, राहनाळ ही गावे लागतात. गावे म्हणायची ती महसुली दप्तराच्या आधारे. रस्त्यावरून दिसतात त्या गोदामांच्या रांगा, त्यांचे लोखंडी शटर, आणि दारात तोंड घालून उभे असलेले मालमोटारींचे तांडे. एके काळी जेथे भाताची खाचरे होती तेथे आता धुण्याच्या यंत्रांपासून लहान मुलांच्या खेळण्यांपर्यंत साऱ्या देशाचा संसार खोक्यांत बंद होऊन पडलेला असतो. त्यातच कपाटे असतात, पलंग असतात, अभ्यासाची टेबले असतात. आणि याच गोदामांच्या पाठीमागे, चाळींतून व नव्या इमारतींतून, अशी कुटुंबे राहतात की ज्यांना एखादे कपाट घ्यायचे झाले तर वर्षाचा हिशेब मांडावा लागतो.

अशाच एका कुटुंबाचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. समजा, गृहस्थ प्राथमिक शाळेत शिक्षक आहेत, पत्नी एका कार्यालयात कारकून आहे आणि मुलगी बारावीला आहे. दोन खोल्यांच्या घरात तिच्या पुस्तकांना जागा नाही. म्हणून दिवाळीच्या सुमारास दोघे एका मोठ्या साखळी-दुकानात जातात. पुढे अभ्यासाची फळी जोडलेले कपाट त्यांना पसंत पडते. किंमत २८ हजार. पैसे एकरकमी नसले तरी हरकत नाही, दुकानातच बसलेला वित्तसंस्थेचा तरुण दहा मिनिटांत हप्ते बांधून देतो. दहा दिवसांत कपाट घरपोच होईल, जोडणारा माणूस दुसऱ्या दिवशी येईल, असे सांगितले जाते. मुलगी त्या दिवशी घरी येऊन भिंतीवर खडूने कपाटाच्या जागेची रेघ मारते.

दहा दिवसांचे चोवीस होतात. कपाट येते ते चार खोक्यांत. गाडीवाला गल्लीच्या तोंडाशी थांबतो, कारण मोठी गाडी आत वळत नाही. वर चढवायची मजुरी वेगळी. खोकी उघडण्यापूर्वीच 'माल सुस्थितीत मिळाला' अशी सही घेतली जाते. चार दिवसांनी जोडणारा येतो, खोकी उघडतो, आणि एका दाराचा कोपरा चेपलेला व बिजागऱ्यांची पिशवी गायब असल्याचे दाखवून निघून जातो. अपुरा माल जोडण्याची त्याला परवानगी नाही. दुकान म्हणते, माल गोदामातून येतो, आमच्याकडे नसतो. वाहतूकदार म्हणतो, सही झाली आहे. दूरध्वनीवरचा मधुर आवाज म्हणतो, "सर, आपली तक्रार नोंदवण्यात आली आहे." आणि वित्तसंस्था काहीच म्हणत नाही, ती फक्त पाच तारखेला पहिला हप्ता कापून घेते.

हे चित्र कोणा एका दुकानाचे नव्हे आणि कोणा एका घराचेही नव्हे. यातला एकेक तुकडा मध्यमवर्गीय घरांतून, कार्यालयांच्या मधल्या सुट्टीतून आणि शिक्षकांच्या खोलीतून वर्षानुवर्षे ऐकू येत असतो. विशेष हे की, यात कोणी चोर नाही. प्रत्येक जण आपल्यापुरते नेमून दिलेले काम करतो आणि नियमानुसारच बोलतो. तरीही शेवटी ग्राहकाच्या घरात जे उरते ते कपाट नसते. हे कसे घडते, याचा विचार केला पाहिजे.

गोदामे आली कोठून?

भिवंडी हे मुळात मागांचे गाव. यंत्रमागांच्या खडखडाटाने त्याची ओळख घडवली. परंतु गेल्या तीन-चार दशकांत तालुक्यातील खेड्यांनी दुसराच व्यवसाय स्वीकारला. मुंबई महापालिकेची जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होईपर्यंत चालू होती. शहरात माल नेला की जकात भरावी लागे. तोच माल वेशीबाहेर साठवून गरजेपुरता आत नेला तर पैसा अडकून पडत नसे. न्हावाशेव्याचे बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. नाशिककडे जाणारा महामार्ग माणकोलीवरून जातो, गुजरातकडे जाणारी वाट अंजूरफाट्यावरून फुटते. जमीन ग्रामपंचायतीच्या हद्दीतली, म्हणून मुंबईपेक्षा पुष्कळ स्वस्त. इतके योग एकत्र जुळल्यावर गोदामे उभी राहिली नसती तरच नवल. जकात गेली, पण गोदामे राहिली. उलट घरपोच व्यापार वाढल्यावर ती अधिकच फुगली.

या गोदामांनी ग्राहकाचे भले केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. मध्यवर्ती साठा, मोठी खरेदी आणि एकत्र वाहतूक यांमुळे वस्तू स्वस्त झाल्या. ज्या घरात पूर्वी पत्र्याची ट्रंक हेच कपाट होते त्या घरात आज कपाट येऊ शकते, ते या व्यवस्थेमुळेच. परंतु या व्यवस्थेने आणखी एक गोष्ट केली. दुकान आणि माल यांची फारकत केली. पूर्वी दुकानदार ज्या वस्तूवर हात ठेवून किंमत सांगे तीच वस्तू ग्राहकाच्या घरी येत असे. आता दुकानात असतो तो नमुना. प्रत्यक्ष वस्तू ग्राहकाने पाहिलेली नसते, आणि पुष्कळदा विकणाऱ्यानेही पाहिलेली नसते.

पूर्णा गावातल्या रहिवाशाच्या वाट्याला यातला विरोधाभास अधिकच तीव्रतेने येतो. त्याचे कपाट कदाचित त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, एखाद्या शटरच्या आत पडलेले असते. परंतु तेथे जाऊन त्याने 'माझी बिजागऱ्यांची पिशवी द्या' असे म्हटले तर पहारेकरी त्याला ओळखणार नाही. त्याला मिळालेला तक्रार क्रमांक दूरच्या कोणत्या तरी शहरातील संगणकाला ठाऊक असतो. शेजारच्या गोदामाला तो ठाऊक नसतो.

सुताराचा वायदा

यावर कोणी म्हणेल, जुना सुतार बरा होता. हे म्हणणे निम्मे खरे आहे. सुताराच्या वायद्यांच्या कथा काही थोड्या नाहीत. 'उद्या रंधा मारतो, परवा दार बसवतो' असे म्हणत त्याने कित्येकांच्या लग्नसराया पालटवल्या आहेत. सागवानाचे पैसे घेऊन जंगली लाकूड लावणारेही होतेच. गावगाड्यात सुतार हा बलुतेदार. खळ्यावर मिळणाऱ्या धान्याच्या बदल्यात त्याने वर्षभर कुणब्याचे नांगर-वखर सांभाळायचे, असा रिवाज. त्या रिवाजात जन्माने ठरलेली बंधने होती, उच्चनीचतेचा काच होता, आणि पुष्कळदा कारागिराचीच पिळवणूक होती. ती व्यवस्था पुन्हा यावी असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही.

तथापि त्या व्यवस्थेत एक गुण होता. काम करणारा, मोबदला घेणारा आणि जाब देणारा हा एकच माणूस होता. औताची जोडणी सैल निघाली तर ती कोणी केली याविषयी वाद नव्हता. पुढील काळात शहरात मजुरीवर काम करणारा सुतार आला, तेव्हाही ही गोष्ट टिकली. "मास्तर, दार घासतंय म्हणता? येतो रविवारी," असे म्हणून तो उशिरा का होईना यायचा, कारण त्याला त्याच चाळीत दुसरे काम मिळवायचे होते आणि त्याची अपकीर्ती जिन्यावरूनच पसरली असती.

कारखान्यात तयार झालेल्या मालानेही हा गुण लगेच घालवला नाही. कुलुपांच्या धंद्यापासून १८९७ मध्ये सुरू झालेल्या गोदरेज कारखान्याने १९२३ मध्ये पोलादी कपाटे बनवण्यास आरंभ केला. मराठी घरांत 'गोदरेजचे कपाट' हा शब्दप्रयोग इतका रुळला की इतरांच्या लोखंडी कपाटालाही लोक तेच म्हणू लागले. कपाट अखंड येई. ते उचलायला चार माणसे लागत, परंतु त्यात जोडायचे काही नसे, हरवायचे काही नसे. करणाऱ्याचे नाव दारावर असे. वस्तू आणि जबाबदारी एकाच खोक्यातून घरात येत.

भुशाची फळी आणि सुटे भाग

हे बदलले ते सुट्या भागांच्या लाकूडसामानाने. स्वीडनमध्ये १९४३ साली स्थापन झालेल्या आयकिया या कंपनीने १९५६ पासून टेबलाचे पाय सुटे करून, सपाट खोक्यात भरून विकण्यास सुरुवात केली. कल्पना साधी आणि बुद्धिमान होती. पाय जोडलेल्या टेबलाबरोबर पुष्कळशी हवा वाहून न्यावी लागते. सपाट खोक्यात ती लागत नाही. गोदामात जागा वाचते, गाडीत अधिक माल मावतो, जोडणीची मजुरी वाचते, आणि किंमत उतरते. जगभरच्या साखळी-दुकानांनी हा मार्ग उचलला. ती कंपनी स्वतः २०१८ मध्ये हैदराबादला आणि २०२० च्या डिसेंबरात नवी मुंबईत तुर्भे येथे आली; तोवर भारतीय दुकानांनाही ही पद्धत चांगलीच परिचयाची झाली होती.

परंतु या पद्धतीत एक काम कारखान्यातून निघून घरात आले, ते म्हणजे वस्तू पूर्ण करण्याचे. युरोपातील ग्राहक ते पुष्कळदा स्वतः करतो, आणि त्याबद्दल किंमत कमी देतो. आपल्याकडे त्यासाठी माणूस पाठवला जातो. म्हणजे विक्रीनंतरही वस्तूची निर्मिती संपलेली नसते. ती ग्राहकाच्या घरात, तिऱ्हाईत माणसाच्या हातून पूर्ण व्हायची असते. ती बिघडली तर दोष कारखान्याचा, वाहतुकीचा की जोडणीचा, हा वाद मुळातच तयार असतो.

त्यात पुन्हा वस्तूच्या घडणीचा प्रश्न. दुकानात 'लाकडी' या एका शब्दाखाली सागवान, प्लायवूड, एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड ही चारही भावंडे नांदतात. प्लायवूड म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे आडवे-उभे चिकटवून केलेली फळी. एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू डिंकासारख्या रसायनात दाबून केलेली फळी. पार्टिकल बोर्ड म्हणजे भुसा व चिपा दाबून केलेली. यंत्रावर कापायला ती उत्तम, सपाट आणि स्वस्त. परंतु तिला पाणी लागले की कडा फुगतात, आणि एकदा बसवलेला पेच काढून पुन्हा त्याच भोकात बसवला तर तो पूर्वीसारखा धरत नाही. कोकणपट्टीच्या चार महिन्यांच्या दमट पावसाळ्यात आणि अकरा महिन्यांच्या कराराने घर बदलणाऱ्या भाडेकरूच्या संसारात हे दोन्ही दोष नेमके नडतात. भारतीय मानक संस्थेने या फळ्यांसाठी वेगवेगळी मानके ठरवलेली आहेत. प्लायवूडसाठी ३०३, पार्टिकल बोर्डासाठी ३०८७, एमडीएफसाठी १२४०६ क्रमांकाचे. पण कपाटाच्या किती बिलांवर त्यांचा उल्लेख असतो? बिलावर असते ते वस्तूचे एखादे परदेशी वळणाचे नाव आणि रंग.

स्वस्त वस्तू विकणे हा अपराध नव्हे. परंतु भुशाच्या फळीचे कपाट भुशाच्या फळीचे म्हणून विकले गेले पाहिजे. शिक्षकाला २८ हजारांत सागवान मिळणार नाही हे त्यालाही कळते. त्याला कळायला हवे ते इतकेच की ही वस्तू कशाची आहे, किती वर्षे टिकेल, आणि ओल्या भिंतीला लावून ठेवावी की नाही.

वस्तू घरात पूर्ण होण्याचा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही, तो कधी कधी जिवाचाही होतो. भिंतीला न जखडलेले खणांचे कपाट मुलाने ओढले की अंगावर येते. अमेरिकेत अशा दुर्घटनांत लहान मुले दगावल्यानंतर २०१६ मध्ये आयकियाला जवळजवळ २ कोटी ९० लाख कपाटे परत मागवावी लागली, आणि २०२२ मध्ये तेथे अशा सामानाच्या स्थैर्याविषयी स्वतंत्र कायदाच झाला. भिंतीला जखडण्याची पट्टी खोक्यात असते, परंतु भाड्याच्या घरात घरमालक भोक पाडू देत नाही आणि घाईत असलेला कारागीर त्याविषयी बोलत नाही. तेथेही प्रश्न तोच की, सांगण्याची जबाबदारी कोणाची?

पाच हात, पाच हिशेब

साखळी-दुकानाचा माल ग्राहकापर्यंत पोचतो तो निदान पाच हातांतून. विक्रेता, गोदाम, वाहतूकदार, जोडणारा आणि कर्ज देणारा. या पाचांचे एकमेकांशी करार असतात, परंतु ग्राहकाने ते पाहिलेले नसतात. गाडीवाल्याला पैसे मिळतात ते खेपेमागे. खोकी उघडून पाहण्याइतका वेळ थांबणे त्याला परवडत नाही. जोडणाऱ्याला मिळतात ते नगामागे. अपुऱ्या मालासाठी दुसरी खेप मारली तर त्याचा दिवस बुडतो. दूरध्वनीवर बोलणाऱ्या मुलीचे काम संभाषण लवकर संपवण्याचे. बिजागरी पाठवण्याचा अधिकार तिला कोणी दिलेलाच नसतो. यांतील बहुतेक माणसे त्या शिक्षकाच्याच आर्थिक पातळीवरची, किंबहुना त्याहून खालची आहेत. ग्राहक संतापून बोलतो ते यांच्याशी. ज्यांनी ही व्यवस्था रचली ते त्याच्या कानाच्या टप्प्यात कधी येत नाहीत.

सर्वांत विलक्षण भूमिका हप्त्यांची. दुकानातील फलक म्हणतो, 'व्याज नाही'. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज ही कल्पनाच मुळात अस्तित्वात नसते; व्याज कोठे तरी प्रक्रिया-शुल्काच्या किंवा किमतीच्या पोटात लपलेले असते. पण व्याजापेक्षाही महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. रोख व्यवहारात ग्राहकाच्या हातात एक अस्त्र असे: 'काम पुरे कर, मग उरलेले पैसे घे.' सुताराच्या वायद्यावर हाच खरा उतारा होता. हप्त्याच्या व्यवहारात दुकानाला सारे पैसे पहिल्याच दिवशी मिळतात आणि ग्राहक तिसऱ्याच संस्थेचा ऋणको होतो. कपाट उभे राहो वा न राहो, हप्ता थांबवला तर त्याचीच पत जाते. म्हणजे दोष विक्रेत्याचा आणि डाग ग्राहकाच्या नावावर.

मोठे नाव पाहून माणूस निर्धास्त होतो, तेही पुरते खरे नाही. २००१ मध्ये सुरू होऊन देशभर पसरलेली 'बिग बझार'ची साखळी ज्या कंपनीच्या छत्राखाली वाढली, ती फ्युचर रिटेल २०२२ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पाच किंवा दहा वर्षांची हमी देणारा कागद, हमी देणारा टिकेल तोवरच कामाचा असतो.

कायदा आहे, पण

अशा ग्राहकाला कायद्याचा आधार नाही काय? आहे, आणि तो बराच भक्कम आहे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. सदोष माल परत घेण्यास व पैसे परत देण्यास बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसल्यास ३० दिवसांत, नकार देणे ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. म्हणून 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हे बिलाच्या तळाशी छापलेले वाक्य सदोष मालापुरते निरर्थक आहे. वस्तू जोडताना वाजवी काळजी न घेतल्याने कोणास इजा झाली तर विक्रेत्यावरही दायित्व येऊ शकते, असे कायदा सांगतो. ग्राहकाच्या डोक्यावर एकतर्फी लादलेल्या कराराच्या अटी रद्दबातल ठरवण्याचा अधिकार राज्य आयोगाला आहे. संगणकावरून होणाऱ्या खरेदीसाठी २०२० मध्ये झालेल्या नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचे, असे बंधन आहे.

पूर्वी विक्रेत्याच्या गावी जाऊन भांडावे लागे. आता ग्राहक जेथे राहतो किंवा नोकरी करतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे पूर्णा गावच्या रहिवाशाला ठाणे पुरते. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील देण्याची सक्ती नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. आणि रक्कम लहान म्हणून आयोग हसून परत पाठवतो असेही नाही. सामान नेण्याच्या पिशवीचे वीस रुपये ग्राहकाकडून वेगळे घेतल्याबद्दल बंगळुरूच्या जिल्हा ग्राहक आयोगाने २०२३ मध्ये आयकियाला ते पैसे परत करण्यास आणि वर भरपाई व खर्चापोटी तीन हजार रुपये देण्यास सांगितले. वीस रुपयांसाठी कोणी तरी नेटाने उभे राहिले, म्हणून तो निर्णय झाला.

तरी प्रश्न उरतोच. जेथे वस्तूची तपासणी लागत नाही तेथे तीन महिन्यांत आणि लागते तेथे पाच महिन्यांत निकाल द्यावा, ही कायद्यातील अपेक्षा आहे. प्रत्यक्षात आयोगांची पदेच रिकामी राहिल्याने सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये स्वतःहून त्याची दखल घ्यावी लागली. शिक्षकाला एका तारखेसाठी एक किरकोळ रजा खर्चावी लागते. मुलीची परीक्षा फेब्रुवारीत असते. कायदा त्याला पैसे मिळवून देईल, पण ते वर्ष परत आणून देणार नाही. हे साखळी-दुकानाच्या व्यवस्थेला पूर्ण ठाऊक असते. शंभरांतील बहुसंख्य ग्राहक थकून गप्प बसतील आणि बिजागरी स्वतःच्या पैशाने बाजारातून आणतील, हा तिचा न लिहिलेला हिशेब असतो.

मागणे थोडकेच

महाराष्ट्राला या बाबतीत एक परंपरा आहे. पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करून महिन्याचे वाणसामान एकत्र मागवायचे आणि वाटून घ्यायचे, ही तिची रीत. तिच्यातून एक साधा धडा मिळतो. एकट्या ग्राहकाला व्यापारी गिऱ्हाईक समजतो, संघटित ग्राहकाला पक्षकार समजतो. एकाच इमारतीत एकाच दुकानाने फसवलेली चार कुटुंबे असतील तर त्यांनी चार वेगळे तक्रार क्रमांक जपत बसण्यापेक्षा एकत्र बसून एक पत्र लिहिणे अधिक परिणामकारक ठरेल. शिक्षक, कारकून व विद्यार्थी यांना पत्र लिहिण्याची कला शिकवावी लागत नाही. तिचा स्वतःसाठी वापर करण्याचा संकोच तेवढा सोडावा लागतो.

आणि मागायचे तरी काय? फार काही नाही. बिलावर वस्तू कोणत्या फळीची आहे हे लिहावे आणि तिचे मानक नोंदवावे. पोचवण्याची व जोडण्याची तारीख तोंडी न सांगता बिलावरच लिहावी. सही घ्यायची ती खोकी उघडून, भाग मोजून झाल्यावर घ्यावी. पेच, बिजागऱ्या, सरकपट्ट्या यांसारखे सुटे भाग हमीच्या मुदतीत दुकानातच मिळावेत. हप्त्याच्या व्यवहारात जोडणी पूर्ण झाल्याची ग्राहकाची सही झाल्याखेरीज पहिला हप्ता सुरू होऊ नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, बिलावर ज्याचे नाव आहे त्याने 'हे आमच्याकडे येत नाही' हे वाक्य उच्चारू नये. वाहतूकदार त्याचा, जोडणारा त्याचा. त्यांच्याशी काय ते भांडण त्याने आपल्या घरात मिटवावे. यांतील एकाही गोष्टीने कपाटाची किंमत शे-दोनशे रुपयांहून अधिक वाढेल असे वाटत नाही.

ग्राहकानेही आपल्या अंगी काही सवयी बाणवाव्यात. न उघडलेल्या खोक्यावर सही करू नये. करावीच लागली तर 'न तपासता स्वीकारले' असे तीन शब्द लिहावेत. चेपलेल्या कोपऱ्याचे छायाचित्र त्याच दिवशी काढावे. दूरध्वनीवर बोललेले वाऱ्यावर जाते, म्हणून त्याच दिवशी लेखी कळवावे. बिल टिकवावे. सुताराच्या काळात ओळख हा पुरावा होता. आता कागद हीच ओळख आहे.

खेड्यातली जाब देण्याची रीत जातीच्या आणि जबरदस्तीच्या दोरांनी बांधलेली होती, म्हणून ती सुटली हे चांगले झाले. परंतु तिच्या जागी दुसरी रीत आपोआप येत नसते. ती कायद्याने, मागणीने आणि चिकाटीने उभी करावी लागते. आज गोदाम आहे, गाडी आहे, तारीख आहे, क्रमांक आहे. नाही तो फक्त 'ही चूक माझी' असे म्हणणारा माणूस. तो सापडेपर्यंत पाच हातांचा हा व्यापार पुराच होत नाही.

ठाणे–भिवंडी–कल्याण मेट्रोच्या आराखड्यात पूर्णा नावाचे एक स्थानक आहे. गावाचे नाव अशा रीतीने मुंबईच्या नकाशावर येईल, याचा तेथील रहिवाशांना आनंदच असेल. मात्र त्या दोन खोल्यांच्या घरात भिंतीवरची खडूची रेघ अजून पुसलेली नसते. मुलगी अभ्यास करते ती कपाटाच्याच एका रिकाम्या खोक्यावर वही ठेवून. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले असते, 'जपून हाताळा'. ती सूचना मालासाठी होती. ग्राहकासाठी तशी सूचना अद्याप कोणी छापलेली नाही.